जाणकाराचे ऐकावे, पण कोणत्या प्रश्नावर आणि कुठवर?

काळीकसदार (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी,

खरिपाची तयारी सुरू झाली की आमच्या गावात एक वाद दरवर्षी नव्याने पेटतो. तो वरवर पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, दिसत असला तरी खरे पाहता माणसांचा असतो. कृषी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञ सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. कृषी केंद्राचा, म्हणजे बियाणे-औषधांच्या दुकानाचा, मालक म्हणतो की बियाणे आजच न्या, उद्या हा वाण मिळणार नाही. मोबाईलवरील एखादा प्रगतिशील शेतकरी पावसाआधीच कोरड्यात केलेल्या धूळपेरणीचे गुणगान गातो आणि पारावरची ज्येष्ठ मंडळी या तिघांनाही मोडीत काढतात. शेवटी पेरणारा माणूस ऐकतो कोणाचे? माझे निरीक्षण असे आहे की जो सर्वांत आधी आणि सर्वांत ठामपणे बोलतो, त्याचे. शास्त्रज्ञ 'पाऊस, जमीन आणि वाण पाहून ठरवावे' असे म्हणतात, तेव्हा ते आपल्याला कच्चे वाटतात. दुकानदार 'हे मारा, तीन दिवसांत फरक पडेल' असे म्हणतो, तेव्हा तो पक्का वाटतो.

याची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजलेली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पुरुषभर उंच वाढलेली दाट पऱ्हाटी, दमट हवा, अंगावर पुरेसे कपडे नसणे आणि एकाच टाकीत दोन-तीन औषधे मिसळण्याची सवय ही कारणे तेव्हा वारंवार पुढे आली. लेबलवर नसलेले मिश्रण करू नये हा विद्यापीठाचा सल्ला आहे, तरीही आजसुद्धा आमच्याकडे मिश्रणाचे प्रमाण काउंटरवर उभ्याउभ्या ठरते.

तज्ज्ञांचे ऐकावे हे मला मान्य आहे. मात्र कोणाला कोणत्या प्रश्नापुरते तज्ज्ञ मानावे आणि आपल्या स्वतःच्या अनुभवाची हद्द कुठे संपते हे कसे ओळखावे, याविषयी जाणून घ्यायचे आहे. चर्चा याच मुद्द्यावर राहावी ही विनंती. हमीभाव आणि कर्जमाफीवर भांडण्यासाठी इतर धागे आहेत आणि तेथे मीही असतो.

---

पूर्णाकाठ (अकोला जिल्हा)

भाऊ, प्रश्न चांगला आहे, परंतु मांडणीत तज्ज्ञांना झुकते माप दिलेले आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

२००२ मध्ये बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बियाणे आले आणि दोन्ही वेळा आम्हाला असेच ऐकवण्यात आले की बोंडअळीची चिंता मिटली. पहिली काही वर्षे ती खरोखर मिटलीही, हे मी नाकारणार नाही. त्याआधी आम्ही अमेरिकन बोंडअळीसाठी किती फवारण्या करत होतो ते माझ्या पिढीच्या माणसांना आठवत असेल. पुढे २०१७ साली बोंडे वरून हिरवीगार आणि फोडली की आत गुलाबी अळी, असा प्रकार शिवारभर झाला. जो कापूस वेचणीला आला त्यात निम्मी कवडी, म्हणजे किडका कापूस, होती. ज्यांनी चिंता मिटल्याचे सांगितले तेच आता नर पतंगांना गंधाने ओढणारे कामगंध सापळे लावा, हंगाम संपल्यावर त्याच झाडांचे पुढचे पीक म्हणजे फरदड घेऊ नका असे सांगू लागले. दर दहा वर्षांनी शब्द बदलणाऱ्या माणसाचा शब्द किती धरावा, हेही या धाग्यावर कोणीतरी सांगावे.

---

निवृत्त_सहायक (वाशिम)

पूर्णाकाठ काका, आपला राग रास्त आहे. मी कृषी सहायक म्हणून गावोगाव फिरलो आहे आणि हा प्रश्न मला चावडीवर अनेकदा विचारला गेला आहे. उत्तर थोडे लांब होईल, ते शेवटपर्यंत वाचावे.

'चिंता मिटली' हे वाक्य जाहिरातीचे होते. शास्त्रीय शिफारस तशी नव्हती, तिला एक अट जोडलेली होती. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी येत असे, ती आपल्याला आठवत असेल. ती शेताच्या कडेने, किमान पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के यांपैकी जे अधिक असेल तितक्या जागेत लावायची होती. या आश्रय पिकावर बीटीच्या विषाला न सरावलेल्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीवर वाचलेल्या मोजक्या पतंगांशी जुळावेत आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती असलेली पिढी लवकर तयार होऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता.

अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा अशा अनेक पिकांवर जगते, त्यामुळे तिला शिवारात आपोआप आश्रय मिळतो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच गुजराण करते. म्हणजे तिच्यासाठी ती १२० ग्रॅमची पुडी हाच काय तो आश्रय होता, आणि त्या पुडीचे आपण काय केले? कोणी ती धुऱ्यावर फेकली, कोणी खाडे, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला वापरली, बहुतेकांनी उघडलीच नाही. त्यातच ओलिताखालच्या पऱ्हाटीची फरदड मार्चपर्यंत उभी ठेवल्यामुळे अळीला वर्षभर अन्न मिळत राहिले. गुजरातमधील गुलाबी अळी पहिल्या जनुकाला जुमानत नसल्याचे बियाणे कंपनीने २०१० मध्ये स्वतः जाहीर केले होते. आपल्याकडचा उद्रेक त्यानंतर सात वर्षांनी झाला.

यात एकट्या शेतकऱ्याला दोषी ठरवावे असे मला वाटत नाही. विद्यापीठातून निघालेला सल्ला तालुक्याला, तेथून मंडळाला, मंडळातून आमच्यासारख्या सहायकाकडे आणि शेवटी दुकानावर पोहोचतो. या प्रवासात सल्ला टिकतो आणि अटी गळतात, कारण अटी सांगायला वेळ लागतो. आपल्याला जे ऐकू आले ते तज्ज्ञाचे अर्धे वाक्य होते.

शब्द बदलण्याविषयी एवढेच म्हणेन की येथे कीडच बदलली. बदललेल्या किडीसमोर जुनाच सल्ला देत राहणाऱ्या माणसाला मी तरी तज्ज्ञ म्हणणार नाही.

---

पूर्णाकाठ

साहेब, पुडीचा हिशेब मला आज प्रथमच कोणीतरी कारणासह सांगितला, त्याबद्दल आभार. परंतु आपले स्पष्टीकरण ऐकून माझा आक्षेप अधिक पक्का होतो. जी शिफारस पाळण्यासाठी शेतकऱ्याने २० टक्के रानात मुद्दाम अळी पोसावी लागते, तीही खुरपणीचा आणि खताचा खर्च करून, ती शिफारस पाच-सात एकरवाला पाळणार नाही, हे तज्ज्ञांना कळायला हवे होते. किडीचे ज्ञान त्यांना होते. माणसाचे नव्हते.

---

निवृत्त_सहायक

मान्य आहे. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, ती याच अनुभवातून आली.

---

काउंटरपलीकडचा (पुसद)

या धाग्यावर दुकानदाराचा उल्लेख आरोपीसारखा झाला आहे, म्हणून लिहितो. माझे स्वतःचे कृषी केंद्र आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दुकान उघडण्याआधी माणसे उभी असतात. त्यांतील बहुतेकांच्या हातात ना झाडाची फांदी असते ना पान. 'पऱ्हाटी पिवळी पडली, काही द्या' एवढेच वर्णन असते. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, पाणी साचल्याने येतो आणि रस शोषणाऱ्या किडींनीही येतो. झाड पाहिल्याशिवाय यांतले नेमके कोणते कारण आहे हे मला सांगता येत नाही, आणि मी तसे बोललो तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, जेथे त्याला ताबडतोब दोन बाटल्या आणि एक पुडी मिळते. 'मला माहीत नाही' या वाक्याची किंमत आमच्या धंद्यात रोख मोजावी लागते. वर त्या गिऱ्हाइकाकडे मागच्या हंगामाची उधारी असेल तर तीही त्याच्याबरोबर जाते.

ज्ञान नसणे हे या रोगाचे पूर्ण निदान नव्हे. कीटकनाशकांच्या विक्रीसाठी आता शैक्षणिक पात्रतेची अट आहे आणि जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने आखलेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो मी केला. त्यात मी सर्वांत उपयोगी काय शिकलो असेन तर डब्यावरच्या त्रिकोणाचा अर्थ नीट सांगायला शिकलो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरव्या त्रिकोणाचे औषध सेंद्रिय असते असा समज असलेली माणसे मला आजही भेटतात. तेही विषच आहे, केवळ तुलनेने सौम्य आहे.

तेव्हा माझी विनंती उलट दिशेची आहे. माझ्या सल्ल्यावर शंका जरूर घ्या, कारण सल्ला देणारा आणि माल विकणारा मी एकच आहे आणि हा पेच माझ्या सचोटीने सुटणारा नाही. परंतु शंका घ्यायची तर झाड घेऊन या, डब्यावरचे लेबल वाचायला मागा, पक्के बिल मागा. नुसते पाठीमागे बोलून उपयोग नाही.

---

मोहफूल (गडचिरोली जिल्हा)

मी आशा कार्यकर्ती आहे. शेतीवर बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु 'आपली हद्द कुठे संपते' हा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून लिहीत आहे.

आमच्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळाचे वजन घेणे, ताप पाहणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्गाची ठरावीक लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे काम त्यांना नेमून दिले होते. ३९ गावांतल्या या कामाचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे त्यात दिसले. इंजेक्शन डॉक्टरानेच द्यावे, असे तोवर सर्व शहाणी माणसे मानत होती. म्हणजे कमी शिकलेली बाईसुद्धा तज्ज्ञाचे काम सुरक्षितपणे करू शकते, मात्र त्या कामाची हद्द आखून दिलेली हवी आणि ती हद्द तिने पाळायला हवी.

श्वास मोजण्याचेच पाहा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला की तो जलद मानायचा. हे आकडे मी शोधलेले नाहीत आणि त्यावर मी वाद घालत नाही. परंतु मोजणी माझी असते. मोठ्या रुग्णालयातला डॉक्टर रात्री दोन वाजता आमच्या टोल्यावर (पाड्यावर) येऊन ती करणार नसतो.

सापाचेही तसेच आहे. मण्यार चावली की बहुतेक वेळा ना दुखते ना सुजते, माणूस झोपून जातो आणि पहाटे पापण्या उघडता येत नाहीत. 'काही झाले नाही, बिनविषारी असेल' असे म्हणणारा गावात कोणीतरी असतोच. साप ओळखण्याचा आग्रह हा आमच्याकडचा फार मोठा घोटाळा आहे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकच असते. डॉक्टर लक्षणे पाहतात, काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठते का ते पाहतात आणि त्यावरून ठरवतात. साप मारून पिशवीत नेण्याची गरज नसते, आणि त्याला शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. चावलेला भाग न हलवता रुग्णाला आरोग्य केंद्रात पोहोचवणे, एवढेच आपले काम आहे. कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये.

फवारणीच्या विषबाधेबाबत एक गोष्ट जोडते. रुग्णाबरोबर औषधाचा डबा किंवा किमान त्याचे लेबल दवाखान्यात न्यावे. काही कीटकनाशकांवर विशिष्ट उतारा असतो, काहींवर नसतो, आणि डॉक्टरांना कोणते विष आहे हे कळणे फार महत्त्वाचे असते. साप नेऊ नका, डबा न्या.

---

काळीकसदार

मोहफूल ताई, आकडा तज्ज्ञाचा आणि मोजणी आपली, ही विभागणी मला फार पटली. कपाशीलाही ती जशीच्या तशी लागू पडते. गुलाबी अळीसाठी फवारणी केव्हा करावी, याची आर्थिक नुकसानीची पातळी ठरलेली आहे. एका कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग अडकले, किंवा शेतातून सरसकट तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी निघाली, की फवारणीचा निर्णय घ्यावा. आठच का आणि सहा का नाही, हे मला माझ्या बांधावर बसून कधीच कळणार नाही. त्यासाठी अनेक हंगामांचे प्रयोग लागतात. पण माझ्या सापळ्यात आज किती पतंग आहेत, हे अकोल्याच्या विद्यापीठाला किंवा नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेला माझ्याशिवाय कोण सांगणार? गंमत अशी की आम्ही नेमके उलटे करतो. मोजणीचा कंटाळा करतो आणि आकड्यावर वाद घालतो.

---

वर्धेचा_वाटसरू

हवामानाच्या अंदाजालाही हेच लागू आहे. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा हवामान खात्याच्या लेखी अर्थ असा की त्या भागातील २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस पडेल. म्हणजे तीन चतुर्थांश गावे कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच ठरतो. आपण मात्र आपल्या छपरावर थेंब पडला नाही की खात्याला खोटे ठरवतो, आणि 'अमुक तारखेला अमुक तालुक्यात पाऊस पडणारच' असे ठणकावून सांगणाऱ्याच्या चित्रफिती पुढे पाठवत बसतो. पंधरा दिवस आधी तालुक्याची तारीख देणारा माणूस स्वतःला जे माहीत नाही तेच विकत असतो.

---

पूर्णाकाठ

चर्चा चांगली चालली आहे, तरी माझ्या बाजूचे एक माप टाकतो, अन्यथा सर्व जण तज्ज्ञांच्या पारड्यात जाऊन बसतील.

आमचा भाग खारपाणपट्टा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलेला आहे. विहिरीचे पाणी मचूळ आणि जमीन चिकण, पाऊस झाला की पाणी वर तुंबून राहते. काही वर्षांपूर्वी एका योजनेचे अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातून आले आणि विहीर घ्या, ओलीत करा असे तळमळीने सांगू लागले. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु ते खारे पाणी जमिनीला वारंवार दिले की रान दगडासारखे होते आणि वखरही लागत नाही, हे आमच्याकडील शाळकरी पोरालाही माहीत आहे. येथे पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात साठवणे हाच मार्ग आहे. अशा वेळी मी पदवी पाहून गप्प बसायला हवे होते काय?

---

निवृत्त_सहायक

मुळीच नाही, आणि आपण बोललात हे योग्यच केले. ते अधिकारी पाण्याच्या योजनेचे जाणकार असतील, खारपाणपट्ट्याचे नव्हते. एका विषयातला अधिकार दुसऱ्या विषयात आपोआप चालत नाही, ही चूक शिकलेली माणसे फार करतात. आमच्या खात्यातही मी ती पुष्कळ पाहिली.

मात्र त्याच जमिनीचा दुसरा प्रश्न घ्या, काका. रान बिघडले आहे हे आपण पायाखाली ओळखता, परंतु ते साध्या क्षारांमुळे बिघडले की सोडियममुळे, हे डोळ्याला कळत नाही. वर पांढरा थर आला तर क्षार असावेत असा अंदाज करता येतो. सोडियम वाढलेली चोपण जमीन अनेकदा काळीभोर दिसते आणि तिच्यावर थर येतोच असे नाही. उपाय मात्र वेगळे आहेत. क्षारांसाठी निचरा आणि गोडे पाणी लागते, सोडियमसाठी जिप्सम लागते, आणि ते एकरी किती टाकावे हे माती परीक्षणाशिवाय कोणीही सांगू नये, मीसुद्धा.

---

पूर्णाकाठ

हे बरोबर आहे. नमुना यंदा उन्हाळ्यात रान मोकळे झाले की काढीन.

---

तिफण (घाटंजी)

मी हा धागा गुपचूप वाचत होते. माझ्या पऱ्हाटीची पाने लाल पडू लागली आहेत. बोंडे भरण्याच्या अवस्थेत आहेत. शेजारचे दादा म्हणतात की लाल्या आहे, मॅग्नेशियम सल्फेट फवारा. दुकानात रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचे औषध काढून ठेवले आहे. निवृत्त साहेब, काय करू?

---

निवृत्त_सहायक

तिफण ताई, आपल्या शेजाऱ्यांचे आणि दुकानदाराचे, दोघांचेही म्हणणे शक्य कोटीतले आहे. यांतले आपल्या शेतात काय आहे हे मी वाशिममध्ये बसून सांगू शकत नाही. आधी काय पाहावे ते सांगतो.

खालची जुनी पाने पाहा. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग लालसर असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते. कडा आधी पिवळ्या, मग लाल होऊन पान खाली वळले असेल तर ते उलटून पाहा. हिरवट, पाचरीसारखे, तिरपे चालणारे बारीक किडे दिसले तर ते तुडतुडे आहेत. शेताच्या चारही कोपऱ्यांतली आणि मधली झाडे तपासा, केवळ धुऱ्यालगतची पाहून ठरवू नका. रात्री एकदम थंड पडू लागल्या असतील किंवा बोंडांचा भार वाढून नत्र कमी पडले असेल, तरीही पाने लाल होतात, आणि दोन कारणे एकाच वेळी असणे हेही नेहमीचे आहे. पाणी साचून राहिलेली जागा आहे का आणि लाली तेथूनच सुरू झाली का, तेही लिहून ठेवा.

यापुढचे मला सांगता येणार नाही. एक लाल पडलेले आणि एक निरोगी झाड मुळांसह उपटा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात पीक संरक्षण विषयाच्या तज्ज्ञांना दाखवा. जाताना पेरणीची तारीख, वाणाचे नाव, दिलेली खते आणि आजवरच्या फवारण्या कागदावर लिहून न्या. दुकानातले औषध तोवर दुकानातच राहू द्या. त्यांनी काय सांगितले ते येथे अवश्य लिहा, विशेषतः माझ्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले तर.